शिट्टी कुणाची

जिल्ह्याचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि बाकीच्यांना आपापला जिल्हा आठवेल.

तिथं तिरंदाजीची संघटना एकच होती, तेव्हा तिला कुणी विचारत नव्हतं. अण्णा तिचे सचिव. शाळेतून खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. ओसरीवर बांबूची धनुष्यं, कपाटात लेटरहेड, पिशवीत शिक्का. निवड चाचणीला वीस पोरं आली तरी अण्णा खूश. त्यांच्या हाताखाली शिकून राज्य स्पर्धेपर्यंत पोचलेला पहिला पोरगा म्हणजे दादा. पुढे दादा ठेकेदारीत शिरले, गाडी आली, मागे माणसं आली, पण अण्णांसमोर खुर्चीवर बसायला तरीही संकोचायचे.

मग खेळाला भाव आला. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, दहावी-बारावीला क्रीडा गुण. दोन्हींसाठी प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्रावर शिक्का मान्यताप्राप्त संघटनेचाच हवा. वार्षिक सभेत दादांनी हिशेब मागितला. “तू मला हिशेब विचारतोस?” अण्णा म्हणाले. विचारणं गैर नव्हतं. अण्णांचा हिशेब खोटाही नव्हता, फक्त तो कुठं लिहिलेला नव्हता. महिनाभरात जिल्ह्यात दोन कार्यकारिणी झाल्या आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दोन चेंज रिपोर्ट दाखल झाले. तिथली तारीख म्हणजे काय असते हे ज्यानं भोगलंय त्याला सांगायला नको.

याचा कित्ता त्यांना वरूनच मिळाला होता. भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ सालची. २०१२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं तिची मान्यता काढली, पुढची काही वर्षं कोर्टात आणि प्रशासकांच्या हाताखाली गेली. ९ जून २०१९ ला तर कमाल झाली: एकाच दिवशी एकाच संघटनेच्या दोन निवडणुका, एक दिल्लीत, एक चंदिगडला, आणि दोन्हीकडे अध्यक्ष निवडून आले. दुसऱ्याच दिवशी नेदरलँड्समध्ये डेन बॉशला जागतिक स्पर्धा सुरू होत होती. त्या आठवड्यात अतनू दास, तरुणदीप राय आणि आपल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव या तिघांनी सांघिक रौप्य आणलं आणि टोकियो ऑलिंपिकचं तिकीटही पक्कं केलं. शेतमजुराचं पोर सत्तर मीटरवर नेम धरून उभं होतं आणि इकडे मागे दोन अध्यक्ष हार घालून घेत होते.

जागतिक महासंघानं जुलैअखेरपर्यंत वाट पाहिली आणि ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केलं. नोव्हेंबरात बँकॉकला आशियाई स्पर्धेत आपले तिरंदाज खेळले ते तिरंग्याखाली नव्हे, महासंघाच्या झेंड्याखाली. दीपिका कुमारीनं तिथंच ऑलिंपिकची जागा मिळवली, तीही तशीच. डिसेंबरात नेपाळला दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तिरंदाजीत भारत नाही. दहा सुवर्णपदकं होती, दहाच्या दहा बांगलादेशनं नेली. त्यांच्या पोरांची मेहनत त्यात होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण समोरची ओळ आपण आपल्या हातानं रिकामी करून दिली होती. जानेवारी २०२० मध्ये एकच निवडणूक झाली, तेव्हा कुठं निलंबन उठलं.

ही सगळी बातमी आमच्या जिल्ह्यातही वाचली गेली. दोन्ही गटांच्या फ्लेक्सवर प्रवीणचा फोटो झळकला. बातमीचा उत्तरार्ध कुणी फ्लेक्सवर लावत नाही.

शिक्क्यावरून निकाल लागेना, तेव्हा भांडण विम्यावर आलं. अण्णांच्या संघटनेनं पोरांचा गट अपघात विमा काढला होता. दादांनी त्याहून मोठ्या रकमेचा काढला आणि गावोगावच्या मंडळांना निरोप धाडले: “तिकडं खेळवाल तर पोराला विमा लागू होणार नाही. उद्या काही झालं तर बघा बुवा.” अण्णांच्या माणसांनी तेच वाक्य उलट्या दिशेनं फिरवलं. आईबापांना शिक्का कुणाचा खरा हे कळत नव्हतं, पण ‘उद्या काही झालं तर’ हे लगेच कळत होतं. गावचे सर हुशार. त्यांनी प्रत्येक पोराची दोन्हीकडं नोंदणी केली, दोन्ही कार्डं एकाच दोरीत ओवली आणि पोरांच्या गळ्यात घातली. दोन्ही पॉलिसी एकाच एजंटानं काढलेल्या होत्या. त्याचं कुणाशीच वैर नव्हतं.

निवड चाचणीचा रविवार उजाडला. दोघांनीही तोच दिवस धरलेला, मैदानही तेच. अण्णांकडं मुख्याध्यापकांची परवानगी, दादांकडं ग्रामपंचायतीची. सकाळी तासभर वाद झाला आणि शेवटी मैदानाच्या मधोमध चुन्याची रेघ मारून, दोरी बांधून, अर्धं अर्धं वाटून घेतलं. दोन मांडव, दोन माइक, दोन पंच. दोघांच्या मांडवावर ‘अधिकृत’ हा शब्द एवढा मोठा, की खेळाचं नाव त्याखाली बारीक झालेलं.

तिरंदाजीच्या मैदानावर माणसाचा आवाज चालत नाही, शिट्टी चालते. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं. एक झाली की बाण सोडायचे. तीन झाल्या की धनुष्य खाली ठेवून लक्ष्याकडं चालत जायचं, बाण काढायला. पोरांना पहिल्या दिवशी हे शिकवतात आणि ते हाडात मुरेपर्यंत धनुष्य हातात देत नाहीत. शिट्टी ऐकल्यावर विचार करायचा नाही, हेच तर शिकवलेलं असतं.

अण्णांच्या ओळीत दोरीलगत अकरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याचे बाण सोडून झाले होते. त्याच्याच ओळीत दोन जागा पलीकडे एका मुलीनं प्रत्यंचा हनुवटीपर्यंत ओढलेली होती, तिचा शेवटचा बाण. तेवढ्यात दोरीपलीकडून दादांच्या पंचाच्या तीन शिट्ट्या वाजल्या. मुलानं धनुष्य ठेवलं आणि चालू लागला. लक्ष्याकडं जाता जाता एक बाण गवतात पडलेला दिसला म्हणून तो तिरका वळला. त्याच क्षणी मुलीच्या बोटातून प्रत्यंचा सुटली.

बाण पोटरीत घुसला. जिवावर बेतलं नाही, एवढंच म्हणायचं. शीर थोडक्यात वाचली, शस्त्रक्रिया झाली, तीन आठवडे पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. ती मुलगी चार दिवस जेवली नाही, हे फार कुणाच्या लक्षात आलं नाही.

बिल मोठं होतं. मुलाचा बाप साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. गळ्यात दोन कार्डं, म्हणजे दोन विमे, म्हणून लोकांनी त्याला धीर दिला. एजंट फॉर्म घेऊन आला. सगळं भरून झालं, एक रकाना राहिला: अपघातावेळी स्पर्धेचं आयोजन आणि नियंत्रण कोणाकडं होतं? पुढं सही आणि शिक्का.

आदल्या रविवारपर्यंत ज्या अधिकारासाठी दोन वकील लावले होते, तो अधिकार आता कुणालाच नको झाला. दादा म्हणाले, मुलगा त्यांच्या ओळीत होता, बाण त्यांच्या ओळीतला, आमचा काय संबंध? अण्णांची कार्यकारिणी म्हणाली, शिट्टी त्यांची, ते नसते तर हे झालंच नसतं. वकिलांनी दोन्हीकडं एकच सल्ला दिला: सही केली की निष्काळजीपणा कबूल केल्यासारखं होतं, मान्यतेचा दावा हातचा जाईल. सल्ला म्हणून तो चूक नव्हता.

सर दोन्ही घरी खेटे घालून दमले. शेवटी बापच अण्णांच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. बसला नाही. “अण्णा, चूक कुणाची ते मला नको. फॉर्मवर सही कोण करतंय, एवढंच सांगा.”

अण्णा त्याला काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र एसटीनं तालुक्याला आले, थेट दवाखान्यात. एजंटाला बोलावून घेतलं. शिक्क्याचं पॅड सुकलेलं, तर शिक्क्यावर दोनदा हाऽ केलं आणि उमटवला. फिकट उमटला, पण उमटला. मग रकान्याखाली समासात बारीक अक्षरात लिहू लागले: “मुलगा माझ्या ओळीतला. बाण माझ्या ओळीतला. शिट्टी माझी नव्हती. पण मैदानात दुसरी शिट्टी वाजते आहे, हे मला सकाळपासून ऐकू येत होतं. तरी मी चाचणी थांबवली नाही.”

“एवढं लिहायची गरज नाही हो अण्णा,” एजंट म्हणाला, “नुसती सही पुरते.”

“तुझ्या कंपनीला पुरत असेल,” अण्णा म्हणाले.

क्लेम मंजूर झाला. दादांनी त्या फॉर्मची झेरॉक्स मिळवली आणि पंधरा दिवसांत तक्रारीला जोडली: प्रतिवादीनं स्वतःच्या हस्ताक्षरात निष्काळजीपणा कबूल केला आहे, सबब त्यांची मान्यता रद्द व्हावी. मुद्दा कायद्यानं भक्कम होता. पुढची तारीख पडली, अजूनही पडत असते.

पुढची निवड चाचणी दोघांनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मैदानांवर ठेवली. एवढं तरी शहाणपण आलं. दादांच्या मैदानावर मांडव मोठा होता, जेवण होतं, विम्याची रक्कम आणखी वाढवलेली होती. पोरं मोजकी आली. अण्णांकडं इतकी आली की लक्ष्यं पुरेनात, पोरांच्या दोन फळ्या कराव्या लागल्या. सरांनी यादी वाचायला घेतली आणि एका नावाशी थोडे थबकले. तिसऱ्या लक्ष्यावर दादांची सख्खी पुतणी होती. तिला सोडायला दादा आले नव्हते. गाडी मात्र त्यांचीच होती, आणि ड्रायव्हरला संध्याकाळी परत न्यायलाही सांगितलेलं होतं.