नोंद आणि खासगीपण

आत्मचरित्र लिहिणारा एक असला तरी त्यात उघडे पडणारे जीवन बहुधा एकट्या त्याचे नसते. समीक्षेला परिचित असलेली ही अडचण १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली ती 'आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य' या खटल्यात. सहा खुनांबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरने तुरुंगात सुमारे ३०० पृष्ठांचे आत्मचरित्र लिहिले होते. त्यात काही सनदी व पोलीस अधिकाऱ्यांशी असलेल्या लागेबांध्यांची हकीकत आहे, असे 'नक्कीरन' या तमिळ साप्ताहिकाचे म्हणणे होते. तुरुंग महानिरीक्षकांनी ते लेखन बनावट ठरवून प्रकाशन थांबविण्यास कळविले.

न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या निकालपत्राने खासगीपणाचा हक्क घटनेच्या २१व्या अनुच्छेदात अंतर्भूत मानला. त्याचबरोबर, बदनामीच्या भीतीपोटी प्रकाशनपूर्व बंदी घालण्याचा अधिकार शासनाला वा अधिकाऱ्यांना नाही, असेही सांगितले. या दोहोंतील सीमारेषा म्हणजे सार्वजनिक नोंद. न्यायालयीन कागदपत्रांसारख्या नोंदींत जे आहे ते संमतीवाचून छापता येईल. लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांना बळी पडलेल्या स्त्रीची ओळख मात्र नोंदीत असली तरी प्रसिद्ध होऊ नये.

हा अपवाद मला नियमापेक्षा अधिक बोलका वाटतो. नोंद ही जणू स्वभावतःच सर्वांची, असे नियम गृहीत धरतो. नोंद होणे हीच कधी दुसरी इजा असते, हे अपवाद मान्य करतो. वस्तुतः नोंद हीदेखील एक संहिता आहे. तिला कर्ता असतो, हेतू असतो, गाळलेल्या जागा असतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती पोलिसांच्या दप्तरात घातल्या. १९५२ मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको. ज्याचे आयुष्य ठाण्याच्या वहीत आहे, त्याचे खासगीपण या कसोटीवर मुळातच तोकडे ठरते.

अधिकारपदाचे काय? पदाच्या कर्तव्याशी निगडित वर्तनाविषयीचा मजकूर असत्य निघाला, तरी सत्याविषयीची बेपर्वाई सिद्ध झाल्याखेरीज भरपाई नाही, अशी निकालपत्राची भूमिका होती. माहिती अधिकार कायद्यानेही (२००५) वैयक्तिक माहिती नाकारण्यापूर्वी तिचा सार्वजनिक कार्याशी संबंध आहे काय, हे पाहावयास लावले होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील दुरुस्तीने ही अट गाळली. कलम ८(२) मधील लोकहिताची वाट उरते हे खरे; पण विचाराचा आरंभ आता नकारापासून होतो. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी व्यक्तीच्या प्रतिष्ठेसाठी उचलून धरलेले खासगीपण येथे पदाचे कवच होऊ पाहते.

राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेतल्या, तेव्हा गावासमोर हजेरीपट वाचले गेले. कोणाच्या नावे किती दिवस, किती मजुरी, सही कोणाची. मृतांच्या नावेही पैसे उचललेले. ही सारी वैयक्तिक माहितीच होती, आणि ज्यांची नावे त्यात होती त्या मजुरांनाच ती मोठ्याने वाचली जावयास हवी होती.