सौंदर्योपचारांचा दवाखाना आणि डॉक्टरचे स्वतःचे आयुष्य

सौंदर्योपचारांचा दवाखाना बहुतेक वेळा एकाच डॉक्टरच्या हातावर चालतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत त्याचे रूप साधारण सारखे दिसते. एक त्वचारोगतज्ज्ञ, बहुधा स्त्री. एक रिसेप्शनिस्ट, दोन मदतनीस, भाड्याची जागा आणि कर्जावर घेतलेले लेझर यंत्र. पेशंट येतो तो पाटीवरच्या नावाकडे, त्या एका हाताच्या भरवशावर. त्यामुळे डॉक्टरचे लग्न, बाळंतपण, आईवडिलांचे आजारपण, स्वतःची शस्त्रक्रिया या घटना घरापुरत्या राहत नाहीत, दवाखान्याच्या डायरीत शिरतात. मग तोल कसा सांभाळायचा, याचे उत्तर सहसा डॉक्टरच्या सहनशक्तीत शोधले जाते. ते या उपचारांच्या स्वभावात शोधले, तर बरेच काही उलगडते.

या शाखेतला जवळजवळ कोणताही उपचार तातडीचा नसतो. कपाळावरच्या आठ्यांसाठी दिलेल्या बोट्युलिनम टॉक्सिनचा परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो. पुढची मात्रा उशिरा मिळाली तर आठ्या परत दिसू लागतात, इजा होत नाही. नको असलेल्या केसांसाठी लेझरच्या सिटिंग चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने होतात. एखादी चुकली तर एकूण काळ लांबतो, एवढेच. हृदयरोगतज्ज्ञाला किंवा प्रसूतितज्ज्ञाला ही मोकळीक नाही. तरीही सौंदर्योपचार करणारे डॉक्टर ताप अंगावर काढून, टाके ओले असताना कामावर येतात, ही खेदाची गोष्ट आहे.

उपचार थांबू शकतो, पण झालेल्या उपचाराचा परिणाम थांबत नाही. हायलुरॉनिक आम्लाचे फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा वाहिनीवर त्याचा दाब आला, तर त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार निळसर दिसू लागते. अशा वेळी हायलुरॉनिडेज हे फिलर विरघळवणारे औषध काही तासांत द्यावे लागते. डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर हाताशी तास-दीड तासही मुश्किलीने असतो. टॉक्सिननंतर पापणी ओघळली तर ते काही दिवसांनी, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत लक्षात येते. सावळ्या त्वचेवर लेझरचा चटका बसला तर मागे काळा डाग राहू नये म्हणून लगेच काळजी घ्यावी लागते. म्हणून डॉक्टरची रजा दवाखाना बंद होण्याच्या दिवसापासून मोजणे चुकीचे आहे. ती मागे जाऊन, शेवटच्या जोखमीच्या उपचारापासून मोजली पाहिजे. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किंवा प्रसूतीच्या तारखेआधी किमान दोन आठवडे नवे फिलर आणि टॉक्सिन बंद असावे. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. रजेच्या आदल्या आठवड्यात उरलेल्या साऱ्या अपॉइंटमेंट कोंबल्या जातात आणि गुंतागुंत उद्भवण्याच्या दिवसांत डॉक्टर ऑपरेशन टेबलावर असते.

त्यात पंचांगाची भर पडते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि दवाखान्यात नवऱ्यामुलींची, त्यांच्या आयांची, करवल्यांची रांग लागते. ऊन सौम्य असल्याने पील आणि लेझरलाही हाच काळ बरा. डॉक्टरच्या नात्यातली लग्ने, भाच्याची मुंज, स्वतःच्या घरचा साखरपुडाही याच दिवसांत येतो. दुसऱ्याच्या समारंभाची तयारी करून देणारी व्यक्ती स्वतःच्या समारंभाला शेवटच्या तासाला पोहोचते. हे टाळायला वैद्यकीय शिस्तच उपयोगी पडते. लग्नाच्या तोंडावर नवा उपचार करू नये, टॉक्सिन किमान दोन आठवडे आधी द्यावे, हा नियम डॉक्टरने कठोरपणे पाळला तर पेशंटचे भले होतेच, शिवाय ऐन मुहूर्ताचे दिवस आपोआप मोकळे राहतात.

बाळंतपणाचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तो प्रॅक्टिसच्या सर्वांत नाजूक वयात येतो. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, प्रवेश परीक्षांची तयारी, मग एमडीची तीन वर्षे. स्वतःचा दवाखाना उघडेपर्यंत तिशी जवळ येते. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन नोकरदार स्त्रीची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे झाली. स्वतःचा दवाखाना चालवणारी डॉक्टर कुणाचीच कर्मचारी नसल्याने तिला यातले काही मिळत नाही. रिसेप्शनिस्टला रजा देण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर येऊ शकते. गरोदरपणात कामाची आखणीही बदलते. चामखिळीवर लावले जाणारे पोडोफायलिन गर्भाला घातक असल्याने ते हाताळणे टाळावे लागते, लेझरने मस जाळताना उठणारा धूर ओढून घेणारे यंत्र आणि योग्य मास्क लागतो, तासन्तास उभे राहणे कमी करावे लागते. ही काळजी खरे तर गरोदर नसलेल्या मदतनीस मुलींसाठीही घ्यायला हवी.

आजार हातात उतरला, तर प्रश्न नैतिक होतो. मान खाली घालून, मनगट वळवून वर्षानुवर्षे बारीक सुया टोचणाऱ्या डॉक्टरांत मानेचे, खांद्याचे, मनगटाचे दुखणे नेहमीचे आहे. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते आणि तो मोकळा व्हायला एक ते तीन वर्षेही लागतात. भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची आचारसंहिता याबाबत स्पष्ट आहे: रुग्णाला अपाय होईल किंवा कामावर परिणाम होईल अशी अक्षमता असलेल्या डॉक्टरने प्रॅक्टिस करू नये. जागतिक वैद्यकीय संघटनेने 2017 साली जिनिव्हा प्रतिज्ञेत सुधारणा करून डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याची काळजी घेणे हाही प्रतिज्ञेचा भाग केला. पण अक्षमता कुठे सुरू होते, हे ज्याचा हात दुखतो त्यालाच ठरवायला लावणे धोक्याचे आहे. हप्ते भरायचे असलेल्या माणसाला आपला हात स्थिरच वाटतो. हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरने किंवा विश्वासातल्या सहकाऱ्याने द्यावा आणि तो निमूट मानावा.

आजार चेहऱ्यावर दिसला, तर दुखणे वेगळेच. गरोदरपणातले वांग, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने गळणारे केस, केमोथेरपीने आलेले टक्कल, बेल्स पाल्सीने वाकडा झालेला चेहरा. इतर डॉक्टरांना हे लपवावेसे वाटत नाही. सौंदर्योपचार करणाऱ्याला वाटते, कारण पेशंट समोरच्या चेहऱ्यातच उपचारांचा पुरावा शोधतो. हा पुरावा मुळातच खोटा आहे. डॉक्टरची नितळ त्वचा तिच्या कौशल्याची साक्ष नव्हे आणि गळणारे केस अपयशाची नव्हेत. आजाराचे नाव सांगण्याचे बंधन डॉक्टरवर नाही. पेशंटला जी गोपनीयता मिळते, तीच तिलाही हवी. कामावर परिणाम होणार असेल तेवढेच सांगणे पुरे. मात्र एरवी जाहिरातीत स्वतःचा चेहरा वापरणाऱ्या डॉक्टरला अशा काळात फार सोसावे लागते, हे आधीच ध्यानात घ्यायला हवे.

गैरहजेरीत दवाखाना कुणी सांभाळायचा? 2002 च्या आचारसंहितेत बदली डॉक्टरविषयी स्वतंत्र तरतूद आहे. ज्याला हा जादा भार पेलवेल त्यानेच तो घ्यावा, गैरहजर सहकाऱ्याचे हित आणि नाव जपावे आणि तो परतल्यावर त्याचे रुग्ण त्याच्याकडे सोपवावेत. पेशंट पळवले जातील या भीतीने अनेक जण बदली डॉक्टर नेमतच नाहीत आणि मग मदतनीसच लेझर चालवतात, कधी सुईही हातात घेतात. याला क्षमा नाही. डॉक्टर नसेल त्या दिवशी सुई बंद, हा नियम रिसेप्शनिस्टलाही पाठ असावा. बदली डॉक्टरला नवे उपचार करावे लागत नाहीत. झालेल्या उपचारांवर नजर ठेवायची असते. त्यासाठी नोंदी वाचता आल्या पाहिजेत: कोणत्या कंपनीचे टॉक्सिन, कोणत्या बिंदूवर किती युनिट, फिलरचा बॅच क्रमांक, आधीचे फोटो, लेझरची मात्रा. वेगवेगळ्या टॉक्सिनची युनिटे एकमेकांच्या बरोबरीची नसतात, त्यामुळे नुसता आकडा लिहून भागत नाही. गावात तोलामोलाच्या दोन डॉक्टरांनी निरोगी असतानाच एकमेकांसाठी उभे राहण्याचे ठरवून ठेवावे. हायलुरॉनिडेज कुठे ठेवले आहे, हे दोघांनाही माहीत असावे. नवरा-बायको एकत्र प्रॅक्टिस करतात तिथे हा प्रश्न सुटला असे वाटते. रोजच्या कामात सुटतोही, पण घरात मूल जन्मले किंवा सासऱ्यांना आयसीयूत ठेवले की दोघेही एकाच वेळी दवाखान्याबाहेर असतात.

पैशाचा ताण सगळ्याच्या मुळाशी आहे. मेडिक्लेम रुग्णालयाचे बिल देतो. बंद दवाखान्याचे भाडे, पगार, यंत्राचा हप्ता देत नाही. रोगनिवारक वैद्यकीय सेवा जीएसटीमुक्त असली, तरी निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आणि केशरोपण त्या सवलतीत नाहीत. जीएसटीखाली नोंदलेल्या दवाखान्याला महिनाभर शून्य उलाढाल झाली तरी विवरणपत्र भरावेच लागते. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक बाजूला ठेवणे आणि उत्पन्न बुडाल्यास भरपाई देणारा विमा तरुणपणीच घेणे, हे साधे उपाय आहेत. त्याहून महत्त्वाचा मुद्दा पॅकेजचा. सहा-आठ सिटिंगचे पैसे आगाऊ घेण्याची पद्धत या व्यवसायात रूढ आहे. ते पैसे उरलेल्या सिटिंगपुरते पेशंटचेच असतात. ते हप्त्यात गेले असतील तर आजारी डॉक्टरला कामावर यावेच लागते. परत करता येतील एवढेच आगाऊ पैसे घेतले, तर रजा घेणे निम्म्याने सोपे होते.

जाण्याची आणि परतण्याची वार्ता उघडपणे द्यावी. डॉक्टरांना जाहिरातीची मनाई करणाऱ्या याच आचारसंहितेने तात्पुरती गैरहजेरी आणि पुन्हा काम सुरू करणे यांविषयी वर्तमानपत्रात निवेदन देण्याची मोकळीक ठेवली आहे. जुन्या दवाखान्यांच्या दारावर ‘अमुक तारखेपर्यंत दवाखाना बंद’ अशी पाटी लागे. आज तोच मजकूर मोबाइलवर पाठवता येतो. त्यात तारखेच्या जोडीला बदली डॉक्टरचा फोन नंबर आणि कोणती लक्षणे दिसताच तो लावायचा, हे असले पाहिजे. परतल्यावर पहिले काही आठवडे तपासणी, सल्ला आणि हलके पील एवढेच करावे; हात आणि डोळा साथ देतात याची खात्री झाल्यावर टॉक्सिन आणि सर्वांत शेवटी फिलर. खात्री झालीच नाही, तर इंजेक्शने कायमची सोडून त्वचारोगांची साधी प्रॅक्टिस चालू ठेवता येते, आणि अनेकांना ती पुरते. दवाखाना बंदच करायचा झाला, तर पॅकेजचे उरलेले पैसे परत करावेत, मागणाऱ्या पेशंटला त्याच्या नोंदी 72 तासांत द्याव्यात आणि दवाखाना चालवायला घेणाऱ्या डॉक्टरचे नाव कळवावे.