फेडता न येणारे ऋण

नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. मिस्सासाठी घरच्या मृतांची नावे न विसरता लिहून देतो. पण ज्यांचे आपण नात्याने कोणीच लागत नव्हतो, तरीही ज्यांनी आपल्याला काही शिकवले, आपल्यासाठी वेळ दिला, त्यांची किती नावे त्या यादीत असतात?

या रविवारी अशाच एका माणसाची आठवण करू या. ते आपल्या धर्मग्रामातले नव्हते. पण त्यांनी जिथे काम केले ती जागा दादरहून फार लांब नाही.

वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची शूटिंग रेंज आहे. संजय चक्रवर्ती सरांनी तिथे नेमबाजांच्या पिढ्या घडवल्या. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत असलेली अंजली वेदपाठक ही त्यांची शिष्या. हाती रायफल घेऊन जेमतेम आठवडा झाला असताना १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने महाराष्ट्रासाठी रौप्यपदक मिळवले. तीच पुढे अंजली भागवत या नावाने २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि २००२ साली जगात पहिल्या क्रमांकावर गेली. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे याही सरांच्याच शिष्या. दोघी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या.

कोणी म्हणेल, बंदुकीच्या खेळाचे कौतुक चर्चच्या पत्रिकेत कशाला? प्रश्न रास्त आहे. पण १९५१ साली देशाची राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे संस्थापक-अध्यक्ष कोण होते? दादासाहेब मावळंकर. गांधीजींचे अनुयायी, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेले, मुंबई विधानसभेचे आणि पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. अहिंसा मानणाऱ्या या माणसाला या खेळात काही गैर वाटले नाही. रेंजवर पहिला धडा नेमाचा नसतोच. बंदूक रिकामी असली तरी तिचे तोंड माणसाकडे वळवायचे नाही, हा पहिला धडा. त्यानंतर श्वास आवरायचा, हात स्थिर ठेवायचा, मन शांत करायचे. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. रागावलेल्या, घाबरलेल्या किंवा गर्विष्ठ मनाला तो सापडत नाही. ज्याला नेम धरायचा त्याला आधी स्वतःला आवरावे लागते.

आणि शिकवणाऱ्याचे काय? स्पर्धा सुरू झाली की त्याने मागे बसायचे. नेम तो धरू शकत नाही, चाप तो ओढू शकत नाही. पदक दुसऱ्याच्या गळ्यात पडते, फोटो दुसऱ्याचा छापून येतो. आपल्या हातून काही घडावे असे सर्वांनाच वाटते. दुसऱ्याच्या हातून घडावे म्हणून वर्षानुवर्षे झिजणारे थोडे.

द्रोणाचार्य पुरस्काराने गौरवलेले चक्रवर्ती सर ३ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत कोरोनाने गेले. वय ७९. ते दिवस आपण विसरलेलो नाही. शेवटचे दर्शन नाही, खांदा देणे नाही, सांत्वनाला घरी जाणे नाही. आपल्यापैकी कित्येकांनी जवळच्या माणसाचा दफनविधी मोबाइलवर पाहिला. त्या काळात गेलेल्यांना आपण नीट निरोप दिला नाही, आणि जिवंतपणी आभार मानायचेही राहून गेले. ही टोचणी अनेकांच्या मनात अजून आहे. ज्याचे ऋण फेडायचे तो माणूसच उरला नाही, तर त्या ऋणाचे काय करायचे?

महाभारतातल्या द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे गुरुदक्षिणा म्हणून अंगठा मागितला. तो त्याने दिला आणि हिशेब मिटला. पण त्याबरोबर विद्याही संपली. परतफेडीचा हा एक प्रकार. दुसरा प्रकार वरळीच्या शिष्यांनी दाखवला.

सरांनंतर पाच महिन्यांच्या आत, ऑगस्ट २०२१ मध्ये, अवनी लेखरा हिने टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. व्हीलचेअरवर बसून खेळणाऱ्या या मुलीच्या प्रशिक्षक सुमा शिरूर. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी पदक आणल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते तब्बल ७२ वर्षांनी. स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे. यातले एकही पदक सरांनी पाहिले नाही. पण वरळीत पेरलेले दाणे पनवेलला उगवले, कोल्हापूरच्या मातीतल्या मुलापर्यंत पोहोचले. शिष्यांनी गुरूला परत काही दिले नाही. जे मिळाले ते पुढच्याच्या हातात ठेवले. आम्हांला वाटते, मृतांचे ऋण फेडण्याची हीच एक रीत आपल्या हाती उरते.

मग आभाराच्या शब्दांना काही अर्थ नाही का? आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, तेव्हा बाकीचे नऊ कुठे आहेत असे प्रभू येशूने विचारले. येशूला आभारांची भूक होती म्हणून नव्हे. ज्याला आपल्याला मिळालेल्याची जाणीव नाही तो दुसऱ्याला काही देऊ शकत नाही, म्हणून. परत आलेल्या त्या एकालाही प्रभूने पायाशी बसवून ठेवले नाही. त्याला उठून आपल्या वाटेने जायला सांगितले.

आपल्या चर्चमध्येही मागे बसणारे पुष्कळ आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात दर रविवारी मुलांना शिकवणारे, गायनवृंदाला सूर लावून देणारे, सणाच्या आदल्या रात्री वेदी सजवणारे, सर्व गेल्यावर खुर्च्या उचलणारे. आपल्याला क्रुसाची खूण करायला ज्यांनी शिकवले, आपले पहिले वाचन ज्यांनी दहा वेळा बसवून घेतले, त्यांतले काही आज नाहीत. काही अजून आहेत; चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना उतरवत नाही म्हणून घरीच. त्यांच्याकडे जायला अजून वेळ आहे.

आणि जे गेले त्यांच्यासाठी? दरवर्षी धर्मशिक्षणासाठी शिक्षक हवेत अशी सूचना होते आणि आपण खाली पाहतो. 'आम्हांला कुठे वेळ?' असे म्हणतो. ज्यांनी आपल्याला शिकवले त्यांनाही गिरणीची पाळी होती, ऑफिस होते, लोकलची गर्दी होती. त्यांनी वेळ काढला म्हणून आज आपल्याला प्रार्थना येते.

या महिन्यात मृतांच्या यादीत घरच्यांबरोबर अशा एका गुरूचे नाव लिहू या. आणि त्यांनी जे आपल्या हाती दिले, ते एका तरी मुलाच्या हाती देऊ या. मेणबत्ती तासाभरात विझते. मुलाला शिकवलेले राहते.

सर्व मृतांना प्रभू चिरशांती देवो.