सुटी आणि खाडा

कोरोनाच्या पहिल्या वर्षी आम्ही नवरा-बायको आणि आमचा भुऱ्या कुत्रा शनिवार-रविवार बालाघाटाच्या माळावर राहून आलो, आणि ते दिवस फार सुखात गेले. हे वाक्य कागदावर उतरवायला मला पुष्कळ वेळ लागला. त्या वर्षाचा विषय निघाला की लोक खाटा, ऑक्सिजन आणि न झालेले अंत्यविधी सांगतात. त्यांच्यात बसून आपण मात्र हिरवागार डोंगर पाहत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण सुख भोगलं हे खरं आहे, आणि जे खरं आहे त्याचा जाब स्वतःला विचारायलाच हवा. आम्ही गेलो ते योग्य होतं का? आमच्या जाण्याची किंमत कुणाला मोजावी लागली का?

नियम आमच्या बाजूने होता. 2 सप्टेंबर 2020 पासून राज्यात जिल्ह्याबाहेर जायलाही ई-पास लागेनासा झाला होता, आणि आम्हाला तर बीडहून पाटोदा तालुक्यात, म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जायचं होतं. अधिक आश्विन चालू होता. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो, आणि जावयाला धोंडे जेवू घातल्याशिवाय सासूबाईंना चैन पडत नव्हतं. त्यांचे रोज फोन येत होते.

पण नियमाने मुभा दिली म्हणून मन मुभा देतंच असं नाही. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. 15 सप्टेंबरला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि ती आशाताईंबरोबर घरोघर जाऊन लोकांचा ताप आणि ऑक्सिजन मोजू लागली. संध्याकाळी घरी आली की अंगणातच बादलीभर पाण्याने आंघोळ करायची आणि मगच उंबरा ओलांडायची. अशा माणसाने म्हाताऱ्या आई-वडिलांच्या घरी जावं का, यावर आम्ही रात्र रात्र बोललो. आमच्या जिल्ह्यातला पहिला रुग्ण एप्रिलमध्ये आष्टी तालुक्यातल्या पिंपळा गावी सापडला होता, आणि त्याला लागण शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या रुग्णाकडून झाली होती. तेव्हापासून डोंगरपट्ट्यात बाहेरून येणाऱ्या माणसाची धास्ती बसली होती. गावोगावच्या वेशी बाभळीच्या फांद्या टाकून बंद केल्या होत्या. पुढे त्या फांद्या निघाल्या, पण मनातल्या निघायला वेळ लागला.

शेवटी आम्ही गेलो, पण घरात गेलो नाही. सासऱ्यांच्या शेतात विहिरीजवळ पत्र्याची एक खोली आहे, तिथे उतरलो. सासूबाई धोंडे घेऊन शेतात आल्या आणि डबा लिंबाखालच्या दगडावर ठेवून चार पावलं मागे सरकल्या. लेक उठून डबा घ्यायला गेली. दोघींच्या तोंडाला पदर आणि रुमाल. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, आणि मध्ये मोकळी जमीन. आई तिथूनच विचारत होती, ‘‘गोड झालंय का गं?’’ त्या अंतराचं मला आजही समाधान वाटतं. आनंद घेताना काळजी सोडली नाही, एवढं मी माझ्या मनाला निश्चित सांगू शकतो.

भुऱ्याला बरोबर नेलं याचं कारण साधं होतं. मार्च 2020 मध्ये हॉटेलं आणि हातगाडे बंद पडले आणि त्यांच्या उष्ट्यावर जगणारी कुत्री उपाशी पडली. त्यातच पाळीव जनावरांपासून कोरोना होतो अशी अफवा उठली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने तसं काही नाही असं पत्रक काढलं, तरी भीतीने कितीतरी लोकांनी घरची कुत्री रस्त्यावर सोडली. भुऱ्या त्याच दिवसांत आमच्या दाराशी येऊन बसला आणि राहिला. तो कुणाचा तरी होता, कारण त्याच्या गळ्यात जुन्या पट्ट्याचा वळ होता. एकदा टाकलेल्या जनावराला पुन्हा मागे ठेवून जाणं आम्हाला जमलं नाही.

मांजरसुंब्याला धुळे-सोलापूर रस्ता सोडून पाटोद्याकडे वळलं की नायगावचं मयूर अभयारण्य लागतं. 1994 साली ते जाहीर झालं. तीस चौरस किलोमीटरच्या आसपासची ही उघडी-बोडकी टेकाडं, त्यात बोरी-बाभळी आणि सीताफळीची झुडपं. मोर अभयारण्याची हद्द पाळत नाहीत, ते आजूबाजूच्या शिवारात हिंडतात. लांडोर पावसाळ्यात जमिनीवरच, एखाद्या झुडपाच्या आडोशाला अंडी घालते, आणि पिल्लं तिच्या मागे पायी चालतात. मोकळं सुटलेलं कुत्रं त्यांचा काळच. रोगाचा धोका वेगळाच. 2018 मध्ये गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींच्या अंगात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. म्हणून निघण्याआधी भुऱ्याच्या लसी पुऱ्या केल्या, आणि शेतात असताना त्याच्या गळ्यातली साखळी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुरीच्या कडेने चालताना तो अचानक ताठ उभा राहिला. कान पुढे, एक पाय उचललेला, अंगावर शहारे. पुढच्या सरीतून लांडोर निघाली, मागे तीन पिल्लं. बायकोने साखळी दोन्ही हातांनी धरली आणि ती खाली बसली, भुऱ्याला छातीशी घेऊन. त्याचं काळीज तिच्या हातांना लागत होतं. लांडोर थांबली, तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि पिल्लांना घेऊन दुसऱ्या सरीत गेली. भुऱ्याच्या घशातून एक बारीक आवाज आला, बस्स. मोकळेपणासाठी त्याला इथवर आणला होता आणि तो मोकळा सोडता येत नव्हता. याचं त्याला काय वाटलं ते मला कळायचा मार्ग नाही. पण ज्यांच्या शिवारात आपण पाहुणे आहोत त्यांच्या जिवावर आपली मौज होऊ नये, हे मला तेव्हा पटलं आणि आजही पटतं. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य ‘सर्पराज्ञी’ प्रकल्पात जखमी, पोरक्या वन्यजीवांना सांभाळतं. जोडप्याने मिळून निसर्गाकडे जावं कसं, हे आमच्याच जिल्ह्यात त्यांनी दाखवलं आहे. आमचं जाणं त्यापुढे फार लहान होतं.

सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा आहे आणि खाली दरीत रामेश्वराचं मंदिर. आम्ही तिकडे गेलो नाही. देवळं बंदच होती, ती पुढे 16 नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी उघडली. त्या दिवसांत शहरातली माणसं ‘निसर्ग सावरतोय’ असं फार म्हणत होती. मला ते बोलणं कधी आवडलं नाही. माणसं घरात कोंडली, कामं गेली, माणसं शेकडो मैल चालत गेली, त्याच्या बदल्यात आभाळ निळं झालं म्हणून आनंद मानायचा? बालाघाटात मोर आधीही होते. ते टिकले त्यात टाळेबंदीचा काही वाटा नाही. पिकाचं नुकसान सोसून त्यांना दाणा टिपू देणाऱ्या शेतकऱ्यांचा मात्र आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिथे येतो.

सासऱ्यांच्या बांधाला लागून एका ऊसतोड कुटुंबाची कोरडवाहू जमीन आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरचे नवरा-बायको टायरगाडीची डागडुजी करत होते, आणि गाडीखाली त्यांचं काळं कुत्रं झोपलं होतं. त्यातल्या वहिनी बांधापर्यंत आल्या आणि भुऱ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘‘वन्सं, ह्याला फिरायला आणलं व्हय?’’

‘‘हो वहिनी, घरात कोंडून कंटाळला होता.’’

‘‘बरं केलं. जित्राबाला बी मोकळं लागतंय.’’

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. मग त्यांनी आपलं सांगितलं. साखर कारखान्यांशी मजुरीवाढीची बोलणी अडली होती आणि संघटनांनी संपाची हाक दिली होती. संप मिटला की दसऱ्याच्या पुढे-मागे निघायचं. उचल घेऊन झालेली, ती फेडायची तर निघावंच लागणार. दोघं मिळून एक कोयता. म्हातारी आणि मोठी पोरगी मागे राहणार, धाकटं बरोबर. ‘‘आन् ह्यो बी,’’ काळ्या कुत्र्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, ‘‘आमी फडात गेल्यावर कोपी राखतो.’’

एप्रिलमध्ये हे कुटुंब सांगलीकडे अडकलं होतं. टाळेबंदीत राज्यभरातल्या कारखान्यांवर सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड मजूर थांबून राहिले होते. 17 एप्रिलला सरकारने त्यांना गावी जाऊ द्यायचं ठरवलं, त्यात बीड जिल्ह्याचे लोक मोठ्या संख्येने होते. ‘‘आलो तर गावात घेईनात,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘आधी शाळेत ठिवलं, मग हितंच रानात कोपी घालून ऱ्हायलो. पोरगी त्या बांधावर येऊन बसायची. मी हिकडून बोलायची.’’ ज्या बांधाजवळ आम्ही हवापालटाला उतरलो होतो, तोच हा बांध.

बायकोने त्यांना विचारलं, ‘‘फडात सुटी कधी असते, वहिनी?’’

‘‘सुटी कुठली? खाडा झाला की पाचशे कापत्यात. ताप असू द्या, पाळी असू द्या. जोडीतलं एक बसलं तरी कोयता बसला.’’

नंतर बायको बराच वेळ बोलली नाही. घरोघर फिरून ती इतकी दमली होती की पत्र्याच्या खोलीत आदल्या दिवशी जेवण झाल्याबरोबर तिला झोप लागली, ती दिवेलागणीला उठली. भुऱ्या पायाशी. मी दाराशी बसून राखण करत होतो. ती झोप तिला लाभलीच पाहिजे होती, याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. आणि त्या झोपेचा आमचा एक पैसाही कापला गेला नाही. शनिवार-रविवारचा आमचा पगार चालू होता. बांधापलीकडच्या बाईला तेवढीच झोप हवी असती तर तिला दंड भरावा लागला असता.

मनाने मला दोन सोप्या वाटा सुचवल्या. आपण जायलाच नको होतं असं म्हणून स्वतःला बोल लावायचा ही एक, आणि जग असंच आहे म्हणून विसरून जायचं ही दुसरी. दोन्ही वाटांनी बांधावरच्या बाईच्या हाती काही पडत नाही. मी घरात बसलो असतो तर तिचे पाचशे वाचले नसते. विसावा घेणं पाप असतं तर प्रश्न मिटला असता, पण ते पाप नाही. आम्हाला तो हवा होता, आमच्या कुत्र्यालासुद्धा हवा होता, हे ती बाई न शिकवता समजून बसली. मग तिला तो हवा आहे हे समजायला आम्हाला तिच्या बांधापर्यंत का जावं लागलं? बीडमध्ये जन्मलो, वाढलो. दसरा-दिवाळीला गावं रिकामी होताना दरवर्षी पाहिली. 2019 मध्ये आरोग्य विभागाने आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. 82,309 महिलांपैकी 13,861 महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या त्रासाने होणारा खाडा परवडत नाही, हेही त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. ते आकडे मी वर्तमानपत्रात वाचले होते, हळहळलोही होतो. पण हळहळ आणि जाणीव यांत केवढं अंतर असतं ते ‘खाडा’ हा शब्द त्या तोंडून ऐकल्यावर मला कळलं.

पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस पुण्यात करार झाला, मजुरीत 14 टक्के वाढ मिळाली आणि गाड्या निघाल्या. वहिनी निघाल्याचा निरोप बायकोला आला तेव्हा ती शाळेच्या कामावर होती. सहा महिन्यांनी दुसरी लाट आली. एप्रिल 2021 मध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून 22 मृतदेह स्मशानात नेल्याची बातमी आली आणि सारा जिल्हा हादरला. त्या काळात माळावरच्या त्या दोन दिवसांची आठवण मला आधारासारखी होती. मी ती नाकारत नाही. तेवढ्यावर आम्ही पुष्कळ दिवस तगलो.

2021 मध्ये सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, 82 वसतिगृहं मंजूर केली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळही मार्गी लागलं. वहिनींची पोरगी बांधावर बसून न राहता शिकावी यासाठी हे सारं फार मोलाचं आहे. पण खाड्याचा दंड मुकादम आणि जोडी यांच्यातला व्यवहार म्हणून बाजूलाच राहतो. मजुरीचा दर ठरवायला सगळे एका टेबलाशी बसतात, सुटीचा विषय तिथे येत नाही.

आमच्या जाण्याबद्दल माझ्या मनाचा निवाडा असा आहे: आम्ही गेलो ते योग्य होतं, आणि जे आम्हाला योग्य होतं ते तिला नाकारणं अन्याय आहे. हे वाचणाऱ्यांत सहकारी साखर कारखान्यांचे सभासद असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून एवढंच विचारा, की आपल्या कारखान्याचा ऊस तोडणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस पगारी सुटी का नाही, आणि आजारी पडल्याबद्दल तिचे पैसे कोण कापतं. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.