पाच ओळी पेरायला काय जड जात होतं?

बस खाली. बियाणं बोगस, औषधात पाणी, सरकार झोपलेलं. तुझं हे रडगाणं मी दर हंगामाला ऐकतो. आज ऐकायची पाळी तुझी.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलास तू. नैसर्गिक निवड म्हणजे काय, हे आपल्या गावात तुझ्याइतकं नीट कुणालाच सांगता येत नाही. मग तीच निवड तुझ्या धुऱ्याच्या आत चालली होती, तेव्हा तुझं शिक्षण कुठे गेलं होतं?

2002 मध्ये बीटी कपाशी आली, 2006 मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-2. 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम साध्या सरकीचं वेगळं पाकीट मिळायचं. वावराभोवती पाच ओळी लावायच्या. कशासाठी? बीटीने मरणाऱ्या थोड्या अळ्या तिथे जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा बीटीवर तगलेल्या एखाद्या पतंगाशी संकर व्हावा आणि पुढची पिढी बीटी खाऊन मरावी. प्रतिकाराचा गुण अप्रभावी असतो म्हणून हे जमतं. हे तूच समजावून सांगायचास. आणि पाकीट कुठे टाकलंस? उकिरड्यावर. “अळीला फुकट कशाला खाऊ घालू, सर?” हे कोण म्हणालं होतं?

त्या पाकिटातलं बियाणं निकृष्ट असायचं, हे खरं. उगवायचं नाही, फुलोरा जुळायचा नाही. जाब विचारायलाच हवा होता. विचारलास? नाही. तुला निमित्त मिळालं आणि तू खूश झालास.

गुजरातेत पहिल्या बीटीवर गुलाबी बोंडअळी तगली, हे 2010 मध्ये जाहीर झालं. पाचेक वर्षांत दुसरीवरही तगली. नांदुऱ्यात, मलकापुरात, जळगाव जामोदला आपण सगळे तेव्हा काय म्हणत होतो? इकडे येईल तेव्हा बघू. 2017 ला ती आली. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही, तरी लोक फवारतच राहिले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसं गेली. हे आठवलं की अजून जीव तुटतो माझा. म्हणून तुझी गय करत नाही.

आता हे नीट बघ. हिरवी बोंडअळीही त्याच वावरात, त्याच बीटीवर होती. ती गुलाबीसारखी का उलटली नाही? कारण ती तुरीवरही जगते, हरभऱ्यावरही. तुझ्या आजोबांनी कपाशीत तुरीच्या ओळी ठेवल्या, त्यांनी तुझं काम न सांगता केलं. गुलाबीला मात्र कपाशीशिवाय दुसरं घर जवळजवळ नाहीच. तिचं घर तुलाच राखायचं होतं.

वर तू फरदड घेतोस. दोन वेचे जास्त मिळावेत म्हणून डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवतोस. हंगामात चार-पाच पिढ्या होणाऱ्या अळीला आणखी पिढ्या कोण देतं? तू. शिवाय तणनाशक सोसणारं चोर बीटी लावून दर वर्षी तेच एक औषध मारतोस. जे तण वाचेल, त्याचंच बी पडेल ना? की तिथे नियम वेगळा आहे?

“एकट्याने करून काय होणार?” हे तुझं शेवटचं हत्यार. अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक. पाच ओळींचा तोटा तुझा, फायदा अख्ख्या शिवाराचा. पतंगाला धुरा कळत नाही. अशा ठिकाणी जो फसवतो त्याचं वावर भरतं, त्याचीच रीत बाकीचे उचलतात आणि शेवटी गाव बुडतं. रीतीभातींचीही निवडच होत असते रे! ती बदलायची तर नियम गावाचा लागतो, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणारा माणूसही गावातलाच लागतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल याच अभ्यासासाठी मिळालं. इतक्या लांब तरी कशाला जायचं? हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर बंद केले, ते सगळ्यांसाठी. आणि लांबचंच हवं असेल, तर ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचा नियम पाळला, नंतर वांझ पतंग सोडले. 2018 मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. ती माणसं तुझ्याहून हुशार होती? मुळीच नाही.

आता साधं बी पाकिटातच मिसळून येतं, म्हणून सुटलास असं समजू नकोस. ग्रामसभेसाठी ठराव लिहून आण. जूनआधी सरकी लावायची नाही. अळी लागलेल्या डोमकळ्या वेचून जाळायच्या. जिनिंगवर आणि वावरात कामगंध सापळे. डिसेंबरअखेर सगळ्यांची वावरं मोकळी. आणि जानेवारीत कुणाची पऱ्हाटी उभी दिसली, तर त्याच्या दारात जाऊन कोण बोलणार, त्यांची नावं खाली लिही. पहिलं तुझं.