चूक ऐकू येणे

आम्ही अनेक वर्षे पेटी वाजवत आलो. त्या जोरावर व्हायोलिन हाती घेतले आणि पहिल्याच दिवशी गर्व उतरला. पेटीची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. मींड मात्र निघत नाही. अशाच आक्षेपांवरून 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती 1971 मध्ये सैल झाली. व्हायोलिनला ना पट्टी, ना सतारीसारखे पडदे. चार तारा आणि आपले बोट. बोट जरा सरकले की सूर ढळतो. गज वाकडा गेला की तार किंचाळते.

मग पेटीचा अनुभव वाया गेला काय? नाही. तो हाताच्या नव्हे, कानाच्या कामी आला. अगदी नवख्याला आपण बेसूर आहोत हे पुष्कळदा कळतही नाही. आम्हाला क्षणोक्षणी कळते. जे ज्ञान केवळ आपली चूक दाखवते, ते वरदान की शिक्षा?

उत्तर वर्गात सापडले. आमची मुले उर्दू उजवीकडून डावीकडे सफाईने लिहितात. मराठीच्या तासाला तोच हात डावीकडून निघताना अडखळतो. एक मुलगा लिहिलेले सारखे खोडत असे. आम्ही त्याला 'बेफिकीर' म्हणून रागावलो होतो. पण बेफिकीर माणूस खोडत नाही. ज्याला चूक दिसते तोच खोडतो.

परवा त्याच्या शेजारी बसून आम्ही तसे त्याला सांगितले. आपली चूक कळून दुसऱ्याच्या चुकीविषयी सब्र येत नसेल, तर ते ज्ञान काय कामाचे?