टाचणातले पाणी

माझ्या पहिल्या सरावपाठाच्या टाचणात सगळे होते: उद्दिष्टे, प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, उपयोजन. पाणी तेवढे नव्हते. सहावीच्या 53 मुलांनी जलरंगाच्या पेट्या उघडल्या आणि मजल्यावर नळ एकच, तोही जिन्याखाली. 35 मिनिटांच्या तासिकेतली वीस मिनिटे डबे भरण्यातच गेली.

अध्यापनशास्त्रात आम्ही जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, घोकली होती. गंमत अशी, की हर्बार्टने पायऱ्या चारच सांगितल्या. त्यांच्या पाच झाल्या त्या शिष्यांच्या हातून. व्याकरणाला, अंकगणिताला ही पंचपदी शोभते. तास संपताना सगळ्यांचे उत्तर एकच यावे, हीच तिथली अपेक्षा असते. चित्रकलेत 53 उत्तरे एकसारखी आली, तर पाठ फसला समजावे.

माझा दुसरा पाठ तसाच फसला, अगदी नीट पार पडून. विषय स्मरणचित्र, ‘बाजार’. मी फळ्यावर हातगाडी, भाजीवाली आणि छत्री काढली. सगळ्या कागदांवर तीच छत्री उगवली, तीही डाव्याच कोपऱ्यात. निरीक्षकांचा शेरा होता, ‘फलकलेखन उत्तम’. शेरा खरा होता, म्हणूनच जास्त लागला.

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेसाठी मुले चार-सहा दृश्ये बसवून जातात आणि त्यालाही आपण स्मरणचित्रच म्हणतो. स्मरण आणि पाठांतर यांत आपण इतकी गल्लत करून ठेवली आहे! अशा वेळी मला देवीप्रसाद आठवतात. शांतिनिकेतनात शिकलेले ते 1944 मध्ये सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवू लागले. कलेला ते शिक्षणाचा पायाच मानत. पायाच म्हटल्यावर पाठाची आखणी फळ्यापासून सुरू होऊ नये. मुलाने काय पाहिले आहे, तिथून व्हावी.

पुढच्या खेपेला डबे आधीच भरून ठेवले, फळा कोरा ठेवला. प्रस्तावनेत प्रश्न एकच: बाजारात तुम्ही उभे कुठे असता? एका मुलाने कागदभर निळा रंग फासला. टोपल्या तळाशी, बोटभर जागेत. ‘तोल गेला आहे’ हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते गिळून विचारले, “हे निळं काय रे?”

“ताडपत्री, बाई. मी पप्पांच्या गाळ्यावर खाली बसतो ना. वर पाणी साचलं की काठीनं ढकलतो.”

तेव्हा कुठे त्या निळ्यातला, खाली लोंबलेला गडद फुगवटा मला दिसला.